नागपुरात राहून माशांवर संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीची मुलं-मुली, बी.एस्सी.चे विद्यार्थी, त्यांचे आईवडील आणि अधूनमधून एखाद्या मत्स्य सहकारी संस्थेचे सचिव मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी नागपुरात माशांच्या श्वसनावर आणि उष्णता सोसण्याच्या क्षमतेवर काम करते. ज्या प्रश्नावर बोलण्यासारखं जास्त आहे तिथे मी जास्त बोलले आहे. बाकीची उत्तरं थोडक्यात आहेत.

समुद्र नाही, शहरात धड वाहती नदी नाही. मग माशांवरचं संशोधन नागपुरात कशासाठी?

कारण इथलं पाणी तापतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर हे तलाव उन्हाळ्यात आटून आणखी उथळ होतात. माशाचं शरीर पाण्याच्याच तापमानाचं असतं. पाणी तापलं की तो आतूनही तापतो. तापमान १० अंशांनी वाढलं तर त्याच्या शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट ते तिप्पट होते. इकडे पाण्याचं नेमकं उलट होतं. एक लिटर गोड्या पाण्यात २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना ७ सुद्धा नाही. म्हणजे गरज वाढते आणि साठा घटतो, तेही एकाच दुपारी. मासा कसा जगतो हे विचारायला याहून चांगली जागा कुठली?

थंड देशांतल्या प्रयोगशाळांना जे तापमान हीटर लावून तयार करावं लागतं, ते आपल्या तलावांत दरवर्षी आपसूक येतं. पृथ्वी तापत असताना पुढे अनेक देशांच्या माशांवर जी वेळ येणार आहे, ती इथले मासे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आले आहेत. त्यांनी ती कशी निभावली, हे आपण मोजून ठेवायला हवं.

शिवाय उत्तरेला सातपुड्याचे ओढे आणि पेंच, रामटेकला खिंडसी, पूर्वेला भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, शहरात नाग नदी आणि कोराडीला औष्णिक वीज केंद्राचा परिसर. खडकावरून वाहणाऱ्या स्वच्छ पाण्यापासून काळ्या सांडपाण्यापर्यंतचं सगळं एका दिवसाच्या प्रवासात बघता येतं.

परिस्थितिकी आणि शरीरक्रियाशास्त्र यांतलं कोणतं निवडू?

विद्यापीठाच्या कागदावर एक नाव लिहावं लागेल, ते लिहा. डोक्यात मात्र ही फाळणी करू नका. कोणता मासा कुठे, किती आणि कुणाबरोबर राहतो हे परिस्थितिकी विचारते. त्याचं शरीर तिथे कसं चालतं हे शरीरक्रियाशास्त्र विचारतं. पहिल्याचं ‘का’ बहुतेक वेळा दुसऱ्यात सापडतं.

मरळ घ्या. उन्हाळ्यात चिखल होत आलेल्या बोडीतही (लहान तळ्यातही) मरळ टिकतो, रोहू टिकत नाही. नुसती मोजदाद केली तर एवढंच कळेल. मरळाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा धरून ठेवणारी एक पोकळी असते. तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि तिथून ऑक्सिजन घेतो. मोठ्या मरळाला ही हवा घ्यावीच लागते. त्याला वर येऊ दिलं नाही, तर पाण्यात ऑक्सिजन असूनही तो गुदमरून मरतो. आता परत तलावाकडे बघा. पाण्याच्या पृष्ठभागावर जलपर्णीचा जाड थर पसरला तर मरळाचं काय होईल? शहरातल्या अंबाझरी तलावात जलपर्णी माजली तेव्हा हा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्याचं उत्तर द्यायला तलाव आणि शरीर दोन्ही समजावं लागतं.

एवढ्या साध्या माशांवर जगाच्या दर्जाचं काम होतं का?

होतं, आणि झालेलं आहे. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोघ यांना १९२० साली नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की शरीरक्रियेच्या पुष्कळशा कोड्यांसाठी निसर्गात एखादा असा प्राणी असतोच, ज्याच्यावर ते कोडं सर्वांत सोयीने सोडवता येतं. हवा घेणाऱ्या माशांच्या बाबतीत ते प्राणी आपल्याकडेच आहेत: मरळ, मांगूर, शिंगी. बिहारमध्ये भागलपूरला जे. एस. दत्ता मुन्शी यांनी नेमके हेच मासे घेतले. ब्रिस्टलच्या जी. एम. ह्यूज यांच्याबरोबर त्यांनी कल्ल्यांचं आणि श्वसनपोकळ्यांचं क्षेत्रफळ, रक्त आणि हवा यांच्यामधल्या पडद्याची जाडी अशी मोजमापं केली. जगभरचे अभ्यासक ती आजही आधाराला घेतात. भागलपूर मोठं महानगर नाही. मासे तिथे होते आणि त्यांना ओळखणारी माणसंही होती.

शिंगीत तर आणखी एक नवल आहे. बहुतेक हाडांचे मासे शरीरातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात सोडतात. पाणी आटलं, चिखलात अडकायची वेळ आली, तर अमोनिया साचून विष होतो. शिंगी अशा वेळी अमोनियाचा युरिया करू शकते. आपण करतो तसंच. हे काम शिलाँगला झालं.

आणि मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांचं काम. रोहू-कतला-मृगळ साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. त्यामुळे पूर्वी बीज, म्हणजे माशांची पिल्लं, नदीतून गोळा करावं लागे. माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून, ओडिशातल्या अंगुल इथे १० जुलै १९५७ रोजी कार्प माशांचं प्रजनन तळ्यात घडवून आणण्यात आलं. आज आपल्या बाजारात जो रोहू येतो, त्याच्यामागे तो प्रयोग आहे. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याच्याच स्मरणार्थ पाळतात. संप्रेरकांचा अभ्यास जेवणाच्या ताटापर्यंत येतो तो असा.

सातपुड्याशी माशांचा काय संबंध?

मोठा संबंध आहे. सुंदरलाल होरा हे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक होते. त्यांना एक गोष्ट खटकत होती. पश्चिम घाटातले काही ओढ्यांमधले मासे आसाम आणि मलायातल्या माशांचे जवळचे नातलग दिसतात, पण मधल्या प्रदेशात ते नाहीत. मग ते आले कसे? होरांनी १९४० च्या दशकात मांडलं, की विंध्य-सातपुड्याच्या रांगांवरून, ओढ्या-ओढ्यांतून ते पश्चिमेकडे सरकले असावेत. ही ‘सातपुडा परिकल्पना’. भूशास्त्राचे आणि आताच्या जनुकीय अभ्यासाचे पुरावे तिला जसेच्या तसे साथ देत नाहीत आणि आज ती पूर्णपणे कुणी मान्य करत नाही. तरीही तिच्यामुळे किती जणांनी किती ओढे पालथे घातले! खडकाला चिकटून राहण्यासाठी पोटाशी चकती असलेले, वेगवान पाण्यासाठी चपटे झालेले मासे होरांनी ज्या बारकाईने रेखाटले, ते बघून मला आजही हुरूप येतो.

तलावात मासे मरून तरंगले की सगळे ‘विषबाधा’ म्हणतात. खरं कारण कसं शोधायचं?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला प्रश्न: मासे कधी मेले? सूर्योदयाच्या आधी-नंतर मेले असतील तर संशय ऑक्सिजनवर. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री त्याही श्वास घेतात. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो. दुपारी बारा वाजता जाऊन मोजलं तर आकडा उत्तम येतो आणि अहवालात ‘पाण्याची गुणवत्ता समाधानकारक’ असं छापलं जातं. मोजायचं तर पहाटे चार-पाचला जावं लागतं.

दुसरा प्रश्न: कोण मेलं आणि कोण वाचलं? ऑक्सिजन संपला असेल तर बहुधा मोठे मासे आधी जातात, आणि मरळ, मांगूर, शिंगी वाचतात, कारण त्यांना वरची हवा मिळते. हवा घेणारेही मेले असतील, गोगलगायी आणि बेडूकमासेही गेले असतील, तर विषाचा संशय बळावतो. ही माहिती महागड्या यंत्राशिवाय मिळते. पण मेलेले मासे पालिकेची गाडी उचलून नेण्याआधी जावं लागतं. फोटो काढा, जाती ओळखा, लांबी मोजा.

तिसरा प्रश्न: कल्ले कसे दिसतात? ताज्या मेलेल्या माशाचे कल्ले आणि रक्त चॉकलेटी दिसलं तर नायट्राइट बघा. तो हिमोग्लोबिनला निकामी करतो, मग पाण्यात ऑक्सिजन असूनही रक्त तो वाहून नेऊ शकत नाही.

चौथी गोष्ट अमोनियाची, आणि इथे पुष्कळ लोक गफलत करतात. प्रयोगशाळा ‘एकूण अमोनिया’ सांगते. माशाला घातक असतो तो त्यातला विद्युतभार नसलेला भाग. २५ अंश तापमानाला सामू (पीएच) ७ असेल तर हा भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. सामू ९ झाला तर तोच ३५ टक्क्यांच्या वर जातो. शेवाळाने हिरवागार झालेल्या तलावाचा सामू भर दुपारी सहज ९ पर्यंत चढतो. म्हणजे तेच सांडपाणी, तोच अमोनियाचा आकडा, पण सकाळी निरुपद्रवी आणि दुपारी जीवघेणा. तापमान आणि सामू लिहिल्याशिवाय अमोनियाचा आकडा लिहूच नये, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

पहिल्या पावसात काय होतं? रस्त्यांवरची, नाल्यांतली वर्षभराची घाण एकदम तलावात येते, तळाचा काळा गाळ ढवळला जातो आणि तो कुजताना ऑक्सिजन खातो. त्यात दोन दिवस ढगाळ गेले, की शेवाळाचा दिवसाचा पुरवठाही बंद.

पाण्याचा नमुना घेताना ऑक्सिजनचं मीटर नसेल तर विंकलर पद्धत वापरा. १८८८ पासून चालत आलेली पद्धत आहे, पण रसायनं तलावाच्या काठावरच घालून ऑक्सिजन ‘बांधून’ टाकावा लागतो. बाटली घरी आणून मग मोजली, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

शिक्षण कुठे घ्यायचं?

दोन वाटा आहेत. एक मत्स्यविज्ञानाची. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली स्थापन झालं. त्याचं मुख्यालय नागपुरातच आहे आणि मत्स्यविज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीला. तिथली बी.एफ.एस्सी. (मत्स्यविज्ञानाची पदवी) चार वर्षांची. बारावीला जीवशास्त्र हवं. प्रवेशाचे नियम बदलत राहतात, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा. पुढे एम.एफ.एस्सी. आणि पीएच.डी.साठी मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ पासूनची.

दुसरी वाट प्राणिशास्त्राची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून बी.एस्सी., एम.एस्सी. करायचं, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा आणि पीएच.डी.

मत्स्यविज्ञानाच्या वाटेने तळी, बीज, खाद्य, रोग यांची हाताला सवय होते. प्राणिशास्त्राच्या वाटेने उत्क्रांती, शरीररचना, वर्तन यांचा पाया पक्का होतो. मला दोन्हीकडचे विद्यार्थी आवडतात. एकच उणीव दोन्हीकडे दिसते, ती म्हणजे संख्याशास्त्र. ‘आर’ नावाची मोफत संगणकभाषा पदवीच्या दुसऱ्या वर्षीच शिकायला लागा. रसायनशास्त्र सोडू नका. पाण्याच्या कामासाठी नागपुरात नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहे, १९५८ पासून. तिथल्या व्याख्यानांची, उन्हाळी प्रशिक्षणाची सूचना लागली की अर्ज करा.

पैसे मिळतात का?

सीएसआयआर-यूजीसी नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. ती मिळाली नाही तर एखाद्या प्रकल्पावरची जागा शोधावी लागते आणि तिथे मानधन प्रकल्पागणिक वेगळं. पीएच.डी.ला पाच वर्षं धरून चाला. घरी आधीच स्पष्ट सांगा, म्हणजे तिसऱ्या वर्षी ‘अजून किती?’ या प्रश्नाने मन खचत नाही.

पुढच्या नोकऱ्या म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांमध्ये शास्त्रज्ञ (बराकपूर, भुवनेश्वर, लखनौ, कोची, भीमताल इथे माशांच्या संस्था आहेत), महाविद्यालयात प्राध्यापक, राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागात अधिकारी, खाद्य आणि बीज कंपन्या, पर्यावरण आघात अहवाल करणाऱ्या संस्था. जागा थोड्या आणि अर्ज भरपूर, हे खरं आहे.

माशाचा श्वास मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

बंद नळीसारख्या पात्रात मासा ठेवतात, पाणी फिरतं ठेवतात, आणि ऑक्सिजन किती वेगाने कमी होतो ते नोंदवतात. थोड्या वेळाने ताजं पाणी सोडतात, पुन्हा बंद करतात, पुन्हा मोजतात. ऐकायला सोपं आहे. पण मासा नव्या जागी घाबरलेला असतो, म्हणून त्याला किमान एक रात्र स्थिरावू द्यावं लागतं. आदल्या दिवसापासून उपाशी ठेवावं लागतं, नाहीतर पचनाचा खर्च श्वासात मिसळतो. पात्रातले जिवाणूही ऑक्सिजन घेतात, तो मासा नसताना मोजून वजा करावा लागतो. हवा घेणारा मासा असेल तर पाणी आणि हवा दोन्हीकडचं मोजावं लागतं.

विश्रांतीतला खर्च आणि पूर्ण दमवल्यावरचा सर्वाधिक खर्च, या दोहोंतला फरक म्हणजे त्या माशाकडे उरलेली शिल्लक. पोहायला, वाढायला, अंडी करायला, रोगाशी लढायला हीच शिल्लक वापरली जाते. टोरोंटोचे एफ. ई. जे. फ्राय यांनी १९४७ साली ही कल्पना मांडली आणि माशांच्या शरीरक्रियाशास्त्राला कणा मिळाला. तापमान वाढत गेलं की ही शिल्लक आधी वाढते, मग घसरते. मासा मरतो ते तापमान खूप पुढचं असतं. त्याच्या आधीच कुठेतरी तो जिवंत असतो, पण वाढत नाही, अंडी घालत नाही. तलाव बाहेरून ठीकठाक दिसतो आणि दोन-चार वर्षांत जात नाहीशी होते. माझं निम्मं काम हा टप्पा शोधण्याचं आहे.

यात मासे मारावे लागतात का? त्यांना दुखतं का?

दुखतं असं मानूनच काम करावं. ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या चेताटोकांची नोंद २००३ साली प्रसिद्ध झाली, त्यानंतर हा विषय टाळता येत नाही. कायद्यानेही मासा हा पृष्ठवंशी प्राणी आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली नेमलेल्या समितीचे नियम आणि संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते. श्वसनाच्या प्रयोगात मासा जिवंत परत जातो. उष्णतेची सीमा मोजताना पाणी मिनिटाला ०.३ अंशाने तापवतात आणि तोल जाताक्षणी माशाला थंड पाण्यात आणतात. भूल देण्यासाठी लवंगेच्या तेलातला युजेनॉल चालतो. काही प्रयोगांत उती काढाव्या लागतात. तिथे माशांची संख्या आधी गणिताने ठरवा आणि तेवढेच घ्या.

आम्ही शाकाहारी आहोत. चालेल का?

चालेल. मासा खाणं ही अट नाही, मासा हातात धरता येणं ही आहे.

मुलीला हे काम झेपेल का? पहाटे तलावावर, जाळी, चिखल...

मी करते आहे. माझ्या विद्यार्थ्यांत मुलीच जास्त आहेत.

एका बाईंचं उदाहरण देते. रोझमेरी लो-मॅककॉनेल या इंग्लंडच्या अभ्यासक. १९४५ पासून आफ्रिकेतल्या सरोवरांवर तिलापिया माशांचा अभ्यास करत होत्या, बोटीवर, तंबूत राहून. १९५३ मध्ये लग्न झालं आणि वसाहती सेवेच्या नियमाने त्यांना नोकरी सोडावी लागली, कारण विवाहित बाईला ती नोकरी करता येत नसे. नवऱ्याबरोबर त्या ब्रिटिश गयानात गेल्या आणि तिथल्या नद्यांतल्या माशांवर काम सुरू केलं. पुढे पगाराशिवायही त्या अभ्यास करत राहिल्या. उष्ण कटिबंधातल्या माशांचे समूह कसे टिकतात, या विषयात त्यांचं नाव आजही पहिल्या रांगेत आहे. आता तसा नियम नाही. अडचणी आहेत त्या वेगळ्या: पहाटे जायला गाडी, सोबत एक जण, काठावर स्वच्छतागृह. या गोष्टी मार्गदर्शकाने पुरवायच्या असतात. मार्गदर्शक निवडताना त्यांची व्यवस्था काय, हे बिनधास्त विचारा.

संशोधकाची कारकीर्द सरळ रेषेत जाते का?

क्वचितच. ॲन्सेल कीज हे नाव हृदयविकार आणि आहाराच्या संदर्भात ऐकलं असेल. त्यांची सुरुवात माशांपासून झाली होती. क्रोघ यांच्या कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत त्यांनी १९३१ च्या सुमारास दाखवलं, की समुद्राच्या पाण्यातली ईल कल्ल्यांतून जास्तीचं मीठ बाहेर टाकते. समुद्रातला मासा सारखं पाणी पितो आणि मीठ फेकतो. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, पातळ लघवी करत राहतो आणि कल्ल्यांनी मीठ आत ओढतो. हे कळायला तो प्रयोग महत्त्वाचा होता. त्यानंतर कीज माणसांच्या उपासमारीकडे आणि हृदयाकडे वळले.

बहुतेकांचं असं होतं: पहिली काही वर्षं जाती ओळखण्यात, मग एखादं मोजमाप हातात बसतं, मग त्याच मोजमापाने नवे प्रश्न विचारता येतात. ओळख पक्की नसेल तर पुढचं सगळं कोसळतं. पोठी म्हणून ज्या पाच जाती एकाच टोपलीत येतात, त्या शेपटीवरच्या ठिपक्यावरून आणि खवल्यांच्या ओळी मोजून वेगळ्या करायला शिका. भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात सकाळी तासभर उभं राहिलं तरी बरंच शिकायला मिळतं.

ढीवर लोकांकडून काय शिकता येतं?

पुष्कळ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत हजारो जुने तलाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगाव बांध हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. त्या तलावांतली मासेमारी ढीवर समाजाची. मरळाची जोडी पिल्लांच्या लालसर थव्याला कुठे राखत बसते, कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी चिकटवतो, बेशरम नावाची वनस्पती माजली की कोणते मासे जातात, हे त्यांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. काही गावांत तर बायकांनी एकत्र येऊन तलावातली बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत.

डॅनियल पॉली यांनी १९९५ साली लिहिलं, की मासेमारीचा प्रत्येक शास्त्रज्ञ आपल्या तरुणपणी जे पाहिलं तेच ‘मूळ’ समजतो, म्हणून हळूहळू झालेली घट कुणाच्या लक्षात येत नाही. विदर्भातल्या तलावांची जुनी आकडेवारी नसल्यात जमा आहे. सत्तरीतल्या ढीवर आजोबांची आठवण हीच आपली जुनी आकडेवारी. ती लिहून घ्या, मराठीत घ्या, त्यांच्याच शब्दांत घ्या, आणि शोधनिबंधात त्यांचं श्रेय लिहा. पेंचमधल्या तोतलाडोह जलाशयाच्या मासेमारांचा हक्क आणि व्याघ्र प्रकल्प यांचा वाद १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मासा आणि माणूस वेगळे काढून हा विषय शिकता येत नाही, हे त्यातून दिसतं.

मांगूर खायला बंदी आहे ना?

बंदी आफ्रिकन मांगुराची आहे. २००० साली केंद्राने त्याच्या पालनावर बंदी घातली. तो खादाड आहे, घाणीत वाढतो, आणि सुटला तर स्थानिक मासे संपवतो. आपला देशी मांगूर वेगळा, आकाराने लहान, आणि जागतिक यादीत धोक्यात आलेला. दोन्ही कवटीच्या मागच्या टोकावरून ओळखता येतात: आफ्रिकनचं टोक दातेरी आणि देशीचं गोलसर. पोलिसांनी पकडलेला माल ओळखायला माशांचा जाणकार लागतो, हेही एक काम आहे.

नाग नदीत मासे आहेत का?

जिथे पाणी अजून वाहतं आणि उजेड तळाशी पोचतो, तिथे काही काटक जाती सापडतात. पण मला मोठा प्रश्न वाटतो तो खालच्या भागाचा. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि त्या पाण्यावर गोसीखुर्दचं धरण आहे. शहराचं सांडपाणी तिथवर पोचतं. अंबाझरीपासून गोसीखुर्दपर्यंत ठरावीक ठिकाणी, वर्षभर, पहाटेचा ऑक्सिजन आणि माशांच्या जाती एकत्र नोंदवल्या तर एक उत्तम पीएच.डी. होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून शहरात पाणी शिरलं. अशा पुरात तलावातले परदेशी मासे नदीत कुठवर जातात, हाही न सुटलेला विषय आहे.

आत्ता, पदवीला असतानाच, काय सुरू करता येईल?

घराजवळचा एक तलाव निवडा आणि तो वर्षभर सोडू नका. आठवड्यातून एकदा सूर्योदयाआधी आणि दुपारी दोनला पाण्याचं तापमान घ्या, वरच्या थराचं आणि दोरी बांधून तळाचं. पारदर्शकता मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी घरी करता येते. पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली लिहायची. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर वेळ आणि जात लिहा. जाळं टाकणाऱ्या काकांना विचारून त्यांच्या टोपलीतल्या माशांची लांबी-वजनं घ्या. वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. एखाद्या महिन्यात मासे लांबीच्या मानाने हलके भरू लागले, तर त्यांच्यावर ताण असू शकतो.

वही पक्क्या बांधणीची घ्या आणि पेन्सिलने लिहा, पाण्यात शाई पसरते. तलाव सहकारी संस्थेच्या ठेक्यावर असेल तर सचिवांना आधी भेटा. पेंचसारख्या संरक्षित भागात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पाण्यात हातही घालू नका. आणि पोहता येत नसेल तर आधी पोहायला शिका. जलतरण तलावाचं शुल्क हा या अभ्यासाचा पहिला खर्च समजा.